पाण्याखालची पायरी

नातीची वेणी तेवढी पाण्यावर दिसत होती. लाल रिबीन होती म्हणून दिसली, नाहीतर त्या गढूळ पाण्यात तीही दिसली नसती. तिच्या शाळेच्या बड्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, छातीपर्यंत पाण्यात होत्या, साडीसकट, चष्म्यासकट. त्यांना पोहता येत नव्हतं. मला येतं, पण माझे गुडघे गेलेले. मी वरच्या पायरीवर उभी होते आणि लातूरकडची एक यात्रेकरू बाई माझा दंड घट्ट धरून होती. मॅडमनी वेणीकडे हात टाकला, त्यांचा पाय घसरला, आणि मग वेणीही दिसेना, मॅडमही दिसेनात. पाण्यावर फक्त एक लाकडी चौकटीतला फोटो तरंगत होता. त्या फोटोत हाच घाट होता, कोरडा.

हे असं कसं झालं ते सांगते. मला स्वतःलाही ते एकदा ओळीनं लावून बघायचं आहे.

नात तेव्हा दुसरीत होती. बोलायची कमी, वाचायची भरपूर. दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टनं, जे समोर येईल ते. तिला आवाज सोसत नाही. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून खाटेखाली. आणि जन्मली कुठं, तर बनारसमध्ये, जिथं माणूस जन्मला तरी घंटा आणि मेला तरी घंटा. हात धरला की किंचाळते. मोठ्यानं हाक मारली की हाकेच्या उलट बाजूला चालू लागते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. मुलानं मला मोबाईलवर त्याबद्दल वाचून दाखवलं. मी म्हटलं, नाव कळलं, आता पुढे काय? ते त्यात लिहिलेलं नव्हतं. दोन शाळांनी तिला परत पाठवलं. एकीनं गोड बोलून, दुसरीनं न बोलता.

तिसऱ्या शाळेत मुलगा, मी आणि नात गेलो. माझा मुलगा रामघाटावर लाकडी चौकी टाकून बसतो. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांची श्राद्धं, पिंडदान, पूजा करवतो. बोलण्याची सवय आहे त्याला. मुख्याध्यापिकेच्या खोलीत बसल्याबरोबर त्यानं जन्मापासून सुरू केलं. त्या बाई ठेंगण्या, जाड, गालात पान. शाळेत पान खायला बंदी होती, आणि ती पाटी त्यांच्याच डोक्यावर लावलेली होती. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पंडितजी, कथा बाद में. दक्षिणा अभी नहीं मिलेगी."

मग माझ्याकडे वळल्या. "अम्मा, दिनभर किसके पास रहती है?"

"मेरे पास."

"चिढ़ती है तो क्या करती है?"

"चली जाती है."

"कहाँ?"

हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. तिला काय येत नाही, हेच सगळे विचारत. मी म्हटलं, घाटावर जाते. तिची एक पायरी आहे.

"कौन सी पायरी? दिखाइए," त्या म्हणाल्या. पायरी हा शब्द त्यांनी माझ्याकडून तसाच उचलला, आणि पुढे साऱ्या शाळेत तोच चालला. यापुढे त्यांचं बोलणं मी बरंचसं मराठीत लिहीन. त्यांच्या हिंदीचा ठसका मात्र मला मराठीत आणता येणार नाही.

रविवारी त्या खरंच आल्या. दूधविनायक हा आमचा मोहल्ला, तिथल्या आमच्या गल्लीतून उतरलं की रामघाट. पायऱ्या पुष्कळ, पण नातीची एकच. त्या पायरीत नाव बांधायची लोखंडी कडी आहे, आणि कडीभोवती दगड झिजून खळगा झालेला आहे. नात जाऊन तिथं बसली, बोट खळग्यात घातलं आणि गप्प झाली. मॅडम तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या. बऱ्याच वेळानं मला म्हणाल्या, "इथं आहे काय?"

"मला काय ठाऊक? मी कधी बसले नाही."

"इतकी वर्षं इथं राहता आणि बसला नाहीत?"

"पायरी उतरायला असते, मॅडमजी, बसायला नाही."

त्या हसल्या, पानाची पिंक कुठं टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि मी पाहते आहे हे पाहून गिळून टाकली. मग मोबाईल काढून पायरीचा फोटो घेतला. मला वाटलं, झालं, फोटो काढून माणसं जातात तशा याही जातील.

पुढच्या आठवड्यात तो फोटो मोठा करून, चौकट लावून शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला टांगलेला होता. खाली एक सतरंजी. वर्गात फार झालं की नातीनं उठायचं आणि फोटोखाली जाऊन बसायचं. विचारायचं नाही, हात वर करायचा नाही. आणि बाकी सगळ्यांना एक नियम: ती उठून निघाली की तिला अडवायचं नाही, हाक मारायची नाही, हात धरायचा नाही. हा नियम शिक्षिकांना सांगितला, शिपायाला सांगितला, फाटकावरच्या चौकीदाराला सांगितला. चौकीदाराला दोनदा सांगितला, कारण पहिल्या दिवशी त्यानं तिचा दंड धरला होता आणि गल्लीतली कुत्री पळाली इतकी ती किंचाळली होती.

सुरुवातीचे काही दिवस मी फाटकाबाहेर बसायचे. मला उत्सुकता होती. आमच्या वेळी मुख्याध्यापक म्हणजे छडी घेऊन फिरणारा माणूस. चौथीपर्यंत मी एवढंच पाहिलं होतं. या बाई करतात काय दिवसभर? मी फटीतून पाहायचे. त्या शिकवत नव्हत्या. त्या वस्तू हलवायच्या. पितळी घंटा नातीच्या वर्गाच्या दारावर होती, ती दुसऱ्या टोकाला नेली. शिपाई कुरकुरला, त्याला आता चालत जावं लागे. नातीचा बाक पंख्याखालून काढून भिंतीला लावला, कारण पंखा खडखडायचा. एक शिक्षिका सारखी टाळ्या वाजवून वर्ग गप्प करायची. तिलाच वरच्या मजल्यावर हलवलं. ती चिडली. "एक लड़की के लिए पूरा स्कूल घूम रहा है," असं जाताना मला ऐकू जाईल असं म्हणाली. मी म्हटलं, "हो, फिरतंय. तुम्हीही फिरा."

काही पालक तक्रार घेऊन आले. त्यातला एक तावातावानं म्हणाला, अशा मुलीमुळे आमची मुलं बिघडतील. मॅडमनी विचारलं, "आपका बेटा कौन? अच्छा, वो. परसों हमारी खिड़की तोड़ा है. उसको भी तो रखे हैं."

वर्ष बरं गेलं. नात व्हरांड्यात बसायची, पुन्हा वर्गात जायची. फोटोखाली बसायचे प्रसंग कमी होत गेले. मॅडम रोज सकाळी येऊन त्या सतरंजीवर हातभर अंतरावर बसायच्या, तिच्याशी न बोलता, फाइली चाळत. नात त्यांच्याकडे बघायची नाही. पण एक दिवस मॅडम तापानं आल्या नाहीत, तेव्हा ती तिथून उठेना. हे मला शिपायानं सांगितलं. असं का, ते मला आजही कळलेलं नाही.

नात तिसरीत गेली. मग श्रावण आला आणि गंगा चढली. बाहेरच्या लोकांना वाटतं पूर म्हणजे एका दिवसाचं संकट. इथं तसं नसतं. पाणी हळूहळू वर येतं आणि घाट त्याच्यासोबत वर सरकतो. चौक्या उचलून वर ठेवायच्या, छत्र्या वर रोवायच्या, नावा वरच्या कड्यांना बांधायच्या. परवा जिथं मुलगा संकल्प सांगत होता तिथं आज नाव उभी. कोणी काही म्हणत नाही, वर सरकतात. नातीची पायरी केव्हाच बुडाली होती. आम्ही तिला सांगितलं, पायरी आता नाही, पाणी उतरलं की येईल. तिनं ऐकून घेतलं. शाळेत फोटो होता, त्यामुळे अडलं नाही.

पंधरा ऑगस्ट जवळ आला. शाळेत दोन कामं निघाली. एक, ढोल आणि बिगुलची तालीम. मॅडमनी ती मैदानाच्या पलीकडे ठेवली होती, पण पाऊस आला आणि ढोलवाली मुलं व्हरांड्यात घुसली. दुसरं, पुताई. भिंतींना चुना लावायचा म्हणून मजुरांनी त्या सकाळी सगळे फोटो उतरवून मॅडमच्या खोलीत नेऊन ठेवले. गांधींचा, सरस्वतीचा, आणि पायरीचा. कोणाचीच चूक नव्हती. पुताई करायची तर फोटो उतरवावेच लागतात.

ढोल वाजले. नात उठली. नियमाप्रमाणे तिला कोणी अडवलं नाही. ती व्हरांड्याच्या टोकाला गेली. तिथं ओली पांढरी भिंत आणि एक खिळा. ती वळली आणि फाटकाकडे चालू लागली. चौकीदारानं तिला पाहिलं. त्याला दोनदा सांगितलेलं होतं. त्यानं फाटक उघडलं आणि बाजूला झाला.

मी घाटावर होते. मुलगा यात्रेकरूंना जेवायला घरी घेऊन गेला होता, मागे राहिलेल्या दोन बायकांसोबत मी त्याच्या चौकीवर बसले होते. नात गल्लीतून उतरली. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर नाही. मला वाटलं सुट्टी झाली. ती माझ्या शेजारून गेली आणि थांबली नाही. पाण्यात एक पायरी उतरली. मग दुसरी.

"अरे लड़की!" कोणीतरी ओरडलं. ती आणखी एक पायरी उतरली. मग सगळे ओरडू लागले. "ए गुड़िया! ऊपर आ! डूब जाएगी!" प्रत्येक हाकेला ती एक पायरी खाली. मी हात जोडून म्हणत होते, गप्प बसा, ओरडू नका, पण माझा आवाज कोणाला ऐकू जातो? एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. एक जण पाण्यात शिरून तिच्याकडे धावला, तशी ती झपकन सरकली, आणि पाणी तिच्या गळ्याशी आलं. तो घाबरून परत आला.

तेवढ्यात गल्लीतून मॅडम आल्या. धापा टाकत, काखेत तो फोटो. त्यांनी मोकळा खिळा पाहिला होता आणि त्या थेट घाटावर आल्या होत्या. दुसरीकडे कुठं शोधलंच नाही.

बनारसमध्ये लोक जुने देवांचे फोटो गंगेत सोडायला आणतात. एक म्हातारा त्यांना म्हणाला, "मैडम, विसर्जन उधर से कीजिए, इधर बच्ची है."

मॅडम वळल्या आणि सगळ्या घाटाला उद्देशून, पण अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "एकदम चुप. मोबाइल नीचे. कोई हिलेगा नहीं." हा आवाज मी शाळेत ऐकला होता. चारशे पोरं त्या आवाजाला गप्प व्हायची. घाटही झाला. रामघाट दिवसाउजेडी गप्प झालेला मी जन्मात त्या एकाच वेळी पाहिला. पाण्याची चुळुकचुळुक ऐकू येऊ लागली.

मग त्या पाण्यात उतरल्या. मला वाटलं पकडायला जातायत. नाही. कमरेपर्यंत पाणी आलं तशा त्या पायरीवर बसल्या. पाणी छातीशी आलं. फोटो समोर धरला, नातीकडे तोंड करून, आणि नातीकडे न बघता नदीकडे बघत राहिल्या. शाळेत सतरंजीवर बसायच्या तशाच. हातभर जागा सोडून.

घाटाच्या भिंतीच्या कडेनं एक मल्लाह, म्हणजे नावाडी, नाव ओढत आणत होता. वल्ह्याचा आवाज नको म्हणून हातानं दगड धरधरून. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नातीनं मान वळवली. फोटो पाहिला. एक पायरी वर आली. आणखी एक. पाणी तिच्या छातीखाली आलं. लातूरची बाई पुटपुटली, "आली गं आली." मी तिच्या हातावर चापट मारली.

आणि त्याच वेळी पुराची सूचना देणारी नाव वळणावरून आली. भोंग्यावर आवाज, "घाट पर न जाएँ, सावधान रहें." त्यांची चूक नव्हती, ते रोजच फिरायचे. नातीनं दोन्ही हातांनी कान झाकले, हात वर गेले, तोल गेला, आणि ती गेली. मॅडमनी फोटो सोडला. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

मल्लाहानं वेणी पकडली. वाकून, रिबिनीसकट, आणि तिला नावेत ओढली. ती किंचाळली, आणि किंचाळते म्हणजे जिवंत आहे हे मला कळलं. दुसऱ्या हातानं त्यानं बांबू पाण्यात खुपसला. बांबू हलला. खालून कोणीतरी धरला होता. चार माणसांनी ओढून मॅडमना वर काढलं. त्यांनी पायरीवर पालथं पडून लाल पाणी ओकलं. लोक ओरडले, "खून! खून!" ते पान होतं.

शुद्धीवर येऊन त्यांनी पहिलं विचारलं, "गेट पर कौन था?" आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "हाँ. हमने ही कहा था."

शाळा चालवणाऱ्या मंडळींना चौकीदाराला काढायचं होतं. मॅडमनी त्यांना काय सांगितलं ते मला शिपायाकडून कळलं. "चौकीदारानं माझा हुकूम पाळला, काढायचं तर मला काढा." मंडळींनी त्यांना काढलं नाही. मुख्याध्यापक शोधणं चौकीदार शोधण्यापेक्षा कठीण असावं.

माझ्या मुलानं मात्र ठरवलं की मुलगी आता घरी. शाळा पुरामुळे बंदच होती. ती उघडायच्या आदल्या दिवशी मॅडम आमच्याकडे आल्या. एका कानात कापूस, पाणी शिरून दुखत होता. मुलगा बसा म्हणाला नाही, मी म्हटलं.

"तुमच्या भरवशावर पाठवली होती," तो म्हणाला.

"खरं आहे. नियम चुकीचा होता. बदललाय. ऐकणार असाल तर सांगते."

"आणि हा चुकला तर?"

"चुकू शकतो."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मला त्या बाईचं हे आवडलं. खोटं बोलली असती तर मीच नातीला घरी ठेवली असती. नवा नियम असा: अडवायचं नाही हे कायम, पण ती उठली की एकानं तिच्या मागे चालायचं, न बोलता, ती जिथं जाईल तिथं. आणि तो फोटो पुन्हा कोणत्याही कामासाठी उतरवायचा नाही. तेवढी भिंत बिनचुन्याची राहिली तरी चालेल.

मग त्यांनी मला विचारलं, "अम्मा, एक कळत नाही. पूर आहे हे तिला माहीत होतं. पाणी समोर दिसत होतं. मग ती का उतरली?"

नात दाराआड होती. वाचत होती बहुतेक. तिथूनच म्हणाली, "पायरी खाली आहे."

एवढंच. ती बरोबर बोलत होती. आम्ही तिला सांगितलं होतं, पायरी आता नाही. असं कसं नाही? चौक्या वर सरकतात, माणसं सरकतात. पायरी जिथं होती तिथंच होती, पाण्याखाली. तिला ठाऊक होतं आणि ती तिथं निघाली होती.

"हाँ बेटा," मॅडम म्हणाल्या, "नीचे ही है. हम लोग ही भूल गए थे." आणि मुलाला म्हणाल्या, "पंडितजी, कल साढ़े सात बजे."

मुलानं हो म्हटलं नाही. पण सकाळी रिबीन शोधताना तो मला दिसला.

पाणी उतरलं की घाटावर गुडघाभर गाळ राहतो. तो पंपानं धुऊन काढतात. कार्तिकात नातीची पायरी निघाली. नात जाऊन बसली, जणू मधे काही झालंच नव्हतं. ती शाळेत गेल्यावर मी एकदा स्वतः जाऊन बसले. उतरायला त्रास झाला. कडीच्या खळग्यात बोट घातलं. दगड थंड. एखादी लाट आली की खळग्यातून गुडगुड असं काहीतरी होतं, आणि कानाला नाही तर बोटाला कळतं. बराच वेळ बसले. मला बरं वाटलं की नुसताच थंड दगड लागला, ते सांगता येत नाही. संध्याकाळी नातीला विचारलं, "तिथं काय असतं गं?" ती म्हणाली, "आजी, तू बसलीस ना?" आणि पुढे वाचत राहिली.

तो जुना फोटो वाहून गेला. शाळेत नवा आहे.

मॅडम आता निवृत्त झाल्या. एका कानानं कमी ऐकतात, पान सुटलेलं नाही. नात सातवीत आहे. त्या दिवशी पाण्यात दोघी गेल्या होत्या. दोघी जिवंत आहेत.